गळलेला 'गा'

"तुमच्या घरामागचा गड किती वाजता उघडतो?" फोनवरच्या बाईंनी विचारलं, आणि दीपक सवयीने म्हणून गेला, "तुम्ही या ना मॅडम, कधीपण उघडू."

मुंबईत एका कुरिअर कंपनीच्या ऑफिसात फोन घेण्यात त्याची उमेदीची वर्षं गेली होती. गिऱ्हाइकाला 'नाही' ऐकवायचं नाही, आधी हो म्हणायचं आणि मग काय ते बघायचं, हे तिथल्या शेठने त्याच्या अंगात पार मुरवलं होतं. कोणी फोनवरून चंद्र मागितला असता तरी दीपकने 'पिनकोड सांगा' एवढंच म्हटलं असतं. फोन ठेवल्यावर मात्र त्याने मागची खिडकी उघडून बाहेर बघितलं. मग स्वयंपाकघराच्या दारात जाऊन त्याने बायकोला विचारलं,

"राही, आपल्या घरामागं काय हाय गो?"

राही घावणे घालत होती. "वांगी हायत. का?"

"आणि?"

"आणि मिरच्या. आणि काकांचं कुत्रं, आलं तर."

"गड हाय काय?"

राहीने उलथनं हातात धरून नवऱ्याकडे नीट बघितलं. "अवो, तुमी रात्रीचं जागरण करू नका बघू."

"उद्या फॉरेनची पोरं येतायत. बसभर. आपल्याकडं राहणार. आपला गड बघणार."

ही बातमी एरवी ऐकली असती तर राहीने तळेकोंड वाडीभर साखर वाटली असती. संगमेश्वरपासून बऱ्याच आत असलेल्या ह्या वाडीत दीपकने मुंबई सोडून होमस्टे काढला होता. घराला दोन खोल्या आणि एक पडवी जोडली, चादरी आणल्या, बोर्ड रंगवला, आणि तेव्हापासून एकाच माणसाने तिथे मुक्काम केला होता. तो बोर्ड रंगवणारा पेंटर. शेठ तसा दिलदार. "शिमग्यापर्यंत तुझी खुर्ची ठेवतो, नंतर माझा इलाज नाही," असं त्याने सांगून ठेवलं होतं. शिमगा आता तोंडावर आला होता. गिऱ्हाईक आलं नाही तर दीपकने बॅग भरायची आणि राहीने मागे राहून वांग्यांना पाणी घालायचं, असं दोघांनी एकमेकांना न सांगता ठरवून टाकलं होतं.

राहीने हात पुसले आणि फोनवर होमस्टेचं पान उघडलं. ते पान दीपकने स्वतः बनवलं होतं. म्हणजे तो मराठीत बोलत गेला होता आणि फोन त्याचं इंग्रजी करत गेला होता. इंग्रजी झालेलं वाचून बघावं, असं त्याला वाटलं नव्हतं. एवढ्या महागाचा फोन चूक कशाला करील?

"इथं काय बोल्ला व्हतात तुमी? आठवा."

"घराच्या मागं जुना गडगा हाय, आज्यानं बांधलेला. त्याच्यावर बसून निवांत गप्पा मारता येतात."

राहीने वाचलं आणि कपाळाला हात लावला. बी.ए.चं इंग्रजी पहिल्यांदाच उपयोगी पडत होतं, तेही असल्या कामाला. "ह्यानं काय केलान बघा. 'घरामागे प्राचीन किल्ला आहे. तो आमच्या पूर्वजांनी बांधला. किल्ल्यावर चर्चासत्रांची सोय आहे.'"

झालं होतं ते असं. गडगा म्हणजे जांभ्या दगडांची, चुना-माती न घालता नुसतीच एकावर एक रचलेली कमरेएवढी भिंत. कोकणात दोन परसांच्या मधे ती असायचीच. फोनला बिचाऱ्याला 'गड' ठाऊक होता, 'गडगा' ठाऊक नव्हता. शेवटचा 'गा' चुकून तोंडातून निसटला असेल असं समजून त्याने तो सौजन्याने गाळला, आणि वांग्यांच्या वाफ्यामागे एक किल्ला उभा राहिला.

"आत्ताच्या आत्ता खरं सांगा त्यांना," राही म्हणाली.

दीपकने फोन लावला. पलीकडे अक्षया मॅडम होत्या. पुण्याच्या एका संस्थेतर्फे परदेशी विद्यार्थ्यांच्या सहली त्या बघायच्या. ही पोरं भारतात सहा महिने शिकायला आलेली, विषय मध्ययुगीन किल्ले. युरोपातले आधीच बघून झालेले, आता इथले चालले होते.

"मॅडम, तो गड... तो तसा लहान हाय बरं का."

"अहो, लहानच हवाय! मोठे बघून पाय मोडून आलेत सगळ्यांचे."

"पडलेला हाय जरा. दर पावसात ढासळतो."

"पडका? म्हणजे सिमेंट लावून दुरुस्त वगैरे नाही ना केलेला? मग तर सोन्याहून पिवळं."

"त्याला बुरूज-बिरूज कायच नाय हो मॅडम."

मग मॅडमचा आवाज खाली आला. "म्हणजे बुरुजांच्याही आधीचा? थांबा हं, मी सरांना सांगते."

सरांना सांगून त्या परत आल्या तेव्हा त्यांचा आवाज आनंदाने थरथरत होता. "दीपकजी, सर म्हणताहेत की पाट्या लावलेल्या, तिकिटं असलेल्या किल्ल्यांचा कंटाळा आलाय. कोणी न बघितलेला किल्ला मिळाला तर दर सत्राला एक ग्रुप तुमच्याकडेच पाठवू. आम्ही रत्नागिरीतच आहोत, उद्या सकाळी पोचतो."

दीपकने फोन खाली ठेवला आणि राहीकडे बघून म्हणाला, "मी खरं तेच सांगितलं. त्यांना ते आणखीच आवडलं."

आता ह्या गडग्याची गोष्ट सांगायला हवी, कारण तो काही साधासुधा गडगा नव्हता. त्याच्या अलीकडे दीपकचे वडील बाबाजी आणि पलीकडे त्यांचा धाकटा सख्खा भाऊ भागोजी. आज्याने दोन मुलांना दोन परसं दिली आणि मधोमध हा गडगा घातला. पुढे एका पावसाळ्यात तो ढासळला आणि बाबाजींनी रचला, तेव्हा तो हातभर आपल्याकडे सरकला असं भागोजीचं म्हणणं. दुसऱ्या पावसाळ्यात भागोजीने रचला, तेव्हा त्याने तो हातभर आपल्याकडे ढकलला असं बाबाजींचं म्हणणं. दीपक शाळेत होता तेव्हापासून दोघा भावांत अबोला होता.

अबोला म्हणजे न बोलणं नव्हे. बोलल्याशिवाय दोघांनाही जेवण जात नसे. फक्त ते एकमेकांशी न बोलता गडग्याशी बोलत. "गडग्या, कोणाची म्हैस माझ्या पेंढ्याला तोंड लावते हाय, त्याला सांग." "गडग्या, ज्याला पेंढा संभाळता येत नाय त्यानं म्हशीला नाव ठेवू नये म्हणावं." गडगा बिचारा सगळं ऐकून घ्यायचा. पावसाळ्यात तो ढासळायचा त्याचं हेही एक कारण असावं.

बाबाजी ओटीवर सुपारी कातरत बसले होते. फॉरेनचे लोक उद्या आपला गडगा बघायला येताहेत, त्यांच्याजवळ मोजायच्या पट्ट्याबिट्ट्या असतात, हे दीपकने त्यांना जपून सांगितलं. बाबाजींच्या हातातला अडकित्ता थांबला. डोळ्यांत पाणी आलं.

"मोजणी आणलीस तू," ते म्हणाले. "शाब्बास रे पोरा! हितल्या मोजणीवर माझा भरवसा नव्हताच. पण तू थेट फॉरेनची आणशील असं वाटलं नव्हतं."

"मोजणी नाय ओ बाबा. पोरं शिकायला..."

"मी कोणाला बोलत नाय," बाबाजींनी डोळा मिचकावला, आणि काठी टेकत ते थेट मागच्या परसात गेले. तिथून त्यांचा खणखणीत आवाज आला, "गडग्या, उद्या फॉरेनची मोजणी येणार हाय! कोणाला सांगायचं असेल त्याला सांगून ठेव!"

पलीकडून काहीतरी पत्र्यावर आपटल्याचा आवाज झाला. मग भागोजीचा तितकाच खणखणीत आवाज आला, "गडग्या, मोजणी आली तर मी तुझ्यावर आडवा पडणार हाय! माझ्यावरनं पट्टी नेणाऱ्याची छाती बघतो! सांग कोणाला सांगायचं ता!"

राही दारात उभी राहून सगळं ऐकत होती. "आता गड तयार झाला," ती म्हणाली. "शिबंदीपण आली."

दुसऱ्या दिवशी बस वरच्या सड्यावरच, उघड्या कातळाच्या माळावर थांबली, कारण पुढचा रस्ता बसच्या मापाचा नव्हता. तिथून पोरं चालत आली. वाडीतली समस्त मंडळी आपापल्या कुंपणाच्या बेड्याशी उभी राहून बघत होती आणि पोरं वाडीतल्या मंडळींना बघत होती. जास्त कुतूहल कोणाला होतं हे सांगणं कठीण. एका मुलीने कोंबडीच्या खुराड्याचा फोटो काढला, तर खुराड्याच्या मालकिणीने त्या मुलीच्या केसांचा फोटो काढला. सगळ्यांच्या पुढे उंचच्या उंच, उन्हाने लाल झालेले प्रोफेसर बेकर होते. बाबाजींनी त्यांना हात जोडून "या, या, बेकारसाहेब" असं तोंडभर स्वागत केलं. साहेबांना तो उच्चार फारच गोड वाटला.

दीपकचा बेत सोपा होता. आधी पोटभर खाऊ घालायचं आणि मग खरं सांगायचं, कारण पोट भरलेला माणूस कमी चिडतो. राहीने घावणे, चटणी, ओल्या काजूंची उसळ असा थाट मांडला होता. पण बेकरसाहेबांना धीर कुठला! ताटाकडे बघून त्यांनी हात जोडले आणि अक्षया मॅडमना काहीतरी म्हणाले. मॅडमनी सांगितलं, "सर म्हणतात, आधी गड."

दीपक पुढे झाला. फाशीच्या कैद्याला एवढं तरी समाधान असतं की मागून बसभर माणसं येत नाहीत.

वांग्यांच्या वाफ्यापाशी मंडळी थांबली. समोर कमरेएवढा गडगा होता, मधे मधे शेवाळलेला, दोनतीन ठिकाणी पोट सुटलेला. त्यावर कांबळं टाकून भागोजी उताणा झोपला होता. छातीवर काठी, काठीवर दोन्ही हात, डोळे टक्क उघडे. त्याच्यामागे त्याची बायको सीताकाकी तांब्या घेऊन उभी होती, नवऱ्याला उपोषण झेपत नाही हे माहीत असल्यासारखी.

पोरांनी माना उंचावून गडग्यापलीकडे बघितलं. शेवटी अक्षया मॅडमनी दीपकला हळूच बाजूला घेतलं. "दीपकजी, ही तटबंदी का?"

"हो मॅडम."

"मग गड कुठाय?"

दीपक गडग्याकडे, मग वांग्यांकडे बघायला लागला. 'नाही' म्हणायची सवयच राहिली नव्हती त्याला. डोळ्यांपुढे शेठची खुर्ची दिसायला लागली, फिरणारी, एका बाजूने कुशन फाटलेली. तेवढ्यात राही त्याला बाजूला सारून पुढे आली. पदर खोचून, बेकरसाहेबांच्या डोळ्यात बघून तिने आपल्या इंग्रजीत सरळ सांगून टाकलं की साहेब, इथे किल्ला नाही, कधीच नव्हता. ही दोन भावांमधली भिंत आहे. हिला गडगा म्हणतात. माझ्या नवऱ्याच्या फोनने 'गा' खाल्ला. चूक आमची. घावणे तरी खाऊन जा.

दीपकने डोळे मिटून घेतले. आता बस परत फिरल्याचा आवाज यायचा बाकी होता. पण आला तो एका मुलीचा आवाज. इंग्रिड नावाची लांब वेणीची मुलगी होती ती. तिने कुतूहलाने विचारलं, "म्हणजे 'गा' लावलं की गोष्ट लहान होते का?"

राही गोंधळली. "तसं काय नाय..."

"मग लहान घराला घरगा म्हणता का? लहान नदीला नदीगा?"

कोणीतरी फसकन हसलं. राहीलाही हसू आवरेना. सगळी पोरं आपापल्या जिभेवर 'गडगा' घोळवून बघायला लागली. वाडीच्या इतिहासात ह्या शब्दाचे इतके लाड कधी झाले नव्हते. बेकरसाहेब मात्र हसत नव्हते. ते भागोजीकडे बघत होते.

"हे गृहस्थ वर का झोपलेत?" त्यांनी मॅडमकडून विचारलं.

"गडगा राखतोय!" भागोजी पडल्यापडल्याच ओरडला.

"कोणापासून?"

भागोजीने काठी उचलली आणि बाबाजींकडे रोखली. त्याच क्षणी बाबाजींनी आपली काठी उचलून भागोजीकडे रोखली. "गडग्या," बाबाजी गरजले, "साहेबाला सांग चोर कोण ता!" "गडग्या," भागोजी गरजला, "साहेबाला डोळे हायत म्हणावं!"

मॅडमनी जमेल तसं भाषांतर केलं. हे दोघे भिंतीशी का बोलतात, हेही समजावून सांगितलं. साहेब एक घमेलं पालथं घालून त्यावर बसले आणि ह्या काठीकडून त्या काठीकडे बघत राहिले. मग जे बोलले ते मॅडमनी सावकाश सांगितलं.

"सर म्हणतात, आजवर शेकड्याने किल्ले बघितले. कोण कोणाशी का लढलं, ते सगळं पाटीवर वाचलं. पण त्यातल्या एकाला तरी विचारावं म्हटलं तर सगळे मेलेले. हा पहिला किल्ला आहे जिथे दोन्ही बाजू जिवंत आहेत आणि बोलायला तयार आहेत."

त्यांनी टाळी वाजवली. पोरांच्या दोन फौजा झाल्या. एक बाबाजींच्या ओटीवर गेली, दुसरी गडगा ओलांडून भागोजीच्या मांडवात. भागोजीला खाली उतरावंच लागलं, कारण झोपून मुलाखत देता येत नाही. इतकी वर्षं त्याचं म्हणणं सीताकाकी आणि म्हैस यांच्याखेरीज कोणी शेवटपर्यंत ऐकलं नव्हतं. आता सहासात गोरी पोरं मांडी घालून बसली होती आणि प्रत्येक वाक्याला "मग काय झालं?" विचारत होती. भागोजी खुलला. पहिल्या पावसाळ्याचं वर्णन करताना तो उभा राहिला, दुसऱ्या पावसाळ्यात त्याने धोतर खोचलं. अलीकडे बाबाजीही मागे नव्हते. ते मधेच थांबून "पलीकडं काय सांगतोय तो?" असं पोरांना विचारत आणि त्यावर खुलासा देत. सीताकाकीने मांडवातल्या फौजेला भराभर शहाळी फोडून दिली. ते बघून राहीने घावण्यांची परात थेट गडग्यावर नेऊन ठेवली. त्यामुळे दोन्ही फौजा एकाच परातीतून खाऊ लागल्या.

इंग्रिड तेवढ्यात गडग्याला हात लावत लावत शेवटपर्यंत जाऊन आली होती. ती एका जागी थांबली. तिथले दगड वेगळे होते, लहान, घाईने कोंबल्यासारखे.

"इथं दार होतं का?" तिने विचारलं.

मॅडमनी तो प्रश्न मराठीत विचारला आणि दोन्हीकडची बडबड थांबली. सीताकाकी म्हणाली, "बेडं व्हतं तिथं. दोन खांब, त्यांच्या भोकांतनं आडवे वासे सरकवायचे. मी नवी नवरी व्हते तवा त्यातनंच ताक न्यायला यायची थोरल्या जावेकडं." ती जाऊ, दीपकची आई, आता नव्हती. दीपकला आठवलं, शाळेतून आल्यावर तोही त्याच बेड्यातून वाकून पलीकडे पळायचा, काकीच्या हातची फणसाची सांदणं खायला. कोणत्या दिवशी तिथे दगड भरले गेले, ते मात्र त्याला आठवेना.

"आणि हा गडगा बांधला कोणी?" बेकरसाहेबांनी विचारलं.

"बापसान," दोघे भाऊ एकदम म्हणाले. मग बाबाजी पुढे म्हणाले, "दगड आमी दोघांनी वाहिले."

साहेबांनी मान हलवली. मग म्हणाले की वाद जर हातभर जागेचा आहे, तर मोजून बघायला काय हरकत आहे? पोरं त्याच कामात तयार झालेली आहेत. भागोजीची आडवा पडण्याची प्रतिज्ञा सगळ्यांना आठवली, पण भागोजी स्वतःच म्हणाला, "मोजा! बिनधास्त मोजा!" कारण हातभर जागा बाबाजींकडे निघणार याची त्याला खात्री होती. बाबाजी म्हणाले, "आधी मोजा मग जेवा!" कारण ती भागोजीकडे निघणार याची त्यांना खात्री होती.

पोरांनी ह्या घराच्या जोत्यापासून त्या घराच्या जोत्यापर्यंत टेप लावली. गडगा मधोमध घातला होता यावर दोघांचं एकमत होतं, त्यामुळे हिशोब सोपा होता. जागोजाग मापं घेतली, मातीत आकडे मांडले, परत परत बघितले. एकाने दुसऱ्याचे, दुसऱ्याने पहिल्याचे तपासले. सगळी वाडी श्वास रोखून उभी होती. दीपकलाही आता शेठची खुर्ची आठवत नव्हती. आपला बापूस चोर निघतो की काका, एवढंच त्याला जाणून घ्यायचं होतं, आणि दोन्हींतलं काही निघू नये असंही वाटत होतं.

अखेर साहेब उठले आणि मॅडमनी निकाल सांगितला. "गडगा सरळ राहिलेला नाही. कुठे हातभर इकडे गेलाय, कुठे हातभर तिकडे. पण सगळं मिळवलं तर ज्याची जागा त्याच्याकडेच आहे. कोणीच कोणाचं काही घेतलेलं नाही."

वाटलं होतं, दोघे भाऊ सुटकेचा नि:श्वास टाकतील. उलट दोघांचीही तोंडं उतरली. इतकी वर्षं ज्याच्यामुळे जेवणाला चव होती ते भांडण ह्या लाल माणसाने चार आकड्यांत संपवलं होतं. बाबाजी टेपकडे बघत राहिले. त्यांच्या कपाळावर हळूहळू आठी चढली.

"टेप तिरकी धरलीन त्या पोरानं," ते पुटपुटले. मग मोठ्याने म्हणाले, "भागोजी! बघितलंस काय रे? तिरकी धरलीन!"

"व्हय दादा!" भागोजी गडग्याशी येऊन ताडकन म्हणाला. "मी मघाधरनं बघतोय! आणि फणसाच्या मुळाला वळसा घातलान तो कोणी मोजायचा?"

"ह्या बेकाराला काय कळतंय गडग्यातलं!"

"पुस्तकं वाचून गडगे कळले असते तर काय पायजे व्हतं, दादा!"

सीताकाकीच्या हातातला तांब्या कलंडला. "अगो बाय," ती राहीला म्हणाली, "बोल्ले!"

तेव्हा कुठे त्या दोघांना कळलं. दोघे गडग्याच्या दोन बाजूंना समोरासमोर उभे होते, आणि मधल्या गडग्याला कोणी काहीच सांगितलं नव्हतं. भागोजी ओशाळून नाक पुसायला लागला. बाबाजी खोकले. खोकला नव्हता तो. राहीने तोंड फिरवून डोळे पुसले. बेकरसाहेबांना काय चाललंय ते कळलं नव्हतं. आपल्याला शिव्या पडताहेत एवढं मात्र त्यांनी ओळखलं होतं आणि त्यांना त्याचा फार आनंद झालेला दिसत होता.

पोरं एक रात्र राहून गेली. जाताना अक्षया मॅडम एवढंच म्हणाल्या, "सरांचा रिपोर्ट जाऊ दे, मग कळवते." असं म्हणणारी माणसं पुढे कळवत नाहीत, हे फोनवर आयुष्य काढलेल्या दीपकला पक्कं ठाऊक होतं. शिमग्याच्या पालखीची तयारी वाडीत सुरू झाली. शेठचे दोन फोन येऊन गेले. राहीने बॅग माळ्यावरून काढून अंगणात उन्हाला ठेवली.

घरामागे मात्र वेगळंच चाललं होतं. बाबाजी आणि भागोजी रोज उठून कोंबलेले दगड काढत होते. बेड्याचे खांब परत उभे राहिले. भागोजीने वासे तासून आणले. दोघे दिवसभर गडग्यावर बसून गप्पा मारत, आणि बेकारसाहेबाची टेप नक्की किती तिरकी होती यावर त्यांचं रोज नव्याने एकमत होई. दीपकला ते बघून बरं वाटायचं. पानावर लिहिलेली चर्चासत्राची सोय खरी झाली होती, एवढं तरी पदरात पडलं.

पालखीच्या आदल्या दिवशी अक्षया मॅडमचा फोन आला.

"दीपकजी, पुढचा ग्रुप पक्का! सरांनी लिहिलंय, जगातला अजून चालू असलेला एकमेव किल्ला. फक्त एक विचारायचं होतं. ते दोन भाऊ... म्हणजे वेढा अजून चालू आहे ना? मुलं त्यासाठीच येताहेत. तो मिटला असेल तर मग काय, सर दुसरीकडे बघतील."

दीपकने खिडकीतून मागे बघितलं. दगड काढलेली वाट मोकळी होती आणि त्यातून काकीचं कुत्रं निवांतपणे वांग्यांत येत होतं. 'हो' जिभेच्या टोकावर आला होता. पण त्या 'हो'साठी आता बापसाला काकाशी भांडायला लावावं लागलं असतं. त्याने आयुष्यात पहिल्यांदा गिऱ्हाइकाला सांगायला सुरुवात केली, "मॅडम, नाही. खरं सांगायचं तर आता..."

"वासे माझ्या बाजूनं ओढायचे, दादा!" मागून आरोळी आली.

"तुझ्या बाजूनं? थोरला कोण? वासे माझ्याच बाजूला सरकणार!"

"खांब मी पुरले!"

"खड्डे कोणी खणले, ता सांग आधी सगळ्यांस्नी!"

"एक हात जरी वासा तिकडं गेला ना दादा, तर बेड्यावर आडवा पडेन!"

"पड! त्यावर कांबळं मी घालतो!"

दीपक ऐकत राहिला. दोघांपैकी एकानेही गडग्याचं नाव घेतलं नव्हतं. त्याने हळूच फोन खिडकीबाहेर धरला आणि बराच वेळ धरून ठेवला.

"ऐकलंत मॅडम?" तो म्हणाला. "कधीपण या."

राही उंबऱ्यात उभी होती. तिने अंगणातली बॅग उचलली, झटकली आणि माळ्यावर टाकायला निघाली.

"शेठला काय सांगू गो?" दीपकने विचारलं.

"सांगा, गड सोडून येता येत नाय."

"गडगा," दीपक म्हणाला.

"मुंबईवाल्यांना 'गा' कशाला सांगताय?"